पहिली गोळी रानाची

आमच्या आर्मासने त्या हिवाळ्यात एकच प्रश्न विचारून मला भंडावून सोडलं होतं. "केर्त्तू, रायफलला नवी नळी घालून घेऊ का?" सकाळी कॉफी ओतताना तेच, सौनाच्या वाफेतून लालबुंद होऊन बाहेर आला की तेच. मी म्हणायचे, "घाल बाबा. नळी घाल, चाप घाल, दस्ता घाल, आणि जमलं तर ती धरणारा माणूसही नवा घाल." पूर्वीचा आर्मास यावर हसला असता. हा नुसता कपाकडे बघत बसायचा.

आर्मास माझा धाकटा भाऊ. नवरा गेल्यावर मी होंकावाराला माहेरी परत आले, तेव्हापासून आम्ही दोघंच या घरात. जन्मभर त्याने दुधाचा टँकर चालवला. शेताशेतावरून दूध गोळा करून डेअरीत नेऊन ओतायचं, पण टँकर असा लखलखीत की त्यात बघून दाढी करावी. पुसण्याचा नाद त्याला लहानपणापासून. कुऱ्हाड पुसायची, बूट पुसायचे, फावड्याचा दांडासुद्धा पुसायचा. लग्न केलं नाही त्याने. यालमारी म्हणतो, "कसं करणार? बायको पुसून जागच्या जागी ठेवता येत नाही." हा यालमारी आमच्या शिकार मंडळाचा प्रमुख. याची जीभ कधी थकत नाही. मंडळाचा स्वयंपाक माझ्याकडे, त्यामुळे त्याचं सगळं मी ऐकते.

रायफल आमच्या बापाची. बाप गेला तेव्हा आर्मास पोरगेलाच होता, अजून रानात न्यायच्या वयाचा झाला नव्हता. शिकवलं ते सगळं बापाने घरात, चुलीपाशी बसून. गज कसा धरायचा, चिंधी कशी गुंडाळायची, नळीत तेल कसं फिरवायचं. "हिला ओली ठेव म्हणजे ती तुला दगा देणार नाही," असं बाप म्हणायचा. आर्मासने ते वाक्य देवाच्या आज्ञेसारखं पाळलं. शिकारीच्या मोसमात रोज संध्याकाळी ती टेबलावर यायची, नळीतून तेल फिरायचं, आणि मगच हा जेवायला बसायचा. मी वैतागून म्हणायचे, "अरे, माझ्या भाकरीवरसुद्धा तू इतकं लोणी लावत नाहीस."

आता त्या ऑक्टोबरचं सांगते. त्याशिवाय नळीच्या प्रश्नात काय अडकलं होतं ते कळायचं नाही.

तळ्याच्या पलीकडे सुलो राहतो. तो माझ्याच वयाचा, एकटा. त्याच्याकडे उस्वा नावाची कुत्री होती, करडी, वाटोळ्या शेपटीची. मूस, म्हणजे आमच्या रानातलं घोड्याहून थोराड हरीण, अडवून धरण्यात तिचा हात धरणारं कुत्रं पंचक्रोशीत नव्हतं. ती एका जागी ठाण मांडून भुंकायला लागली की समजायचं, मूस अडवला. मग शिकाऱ्याने वाऱ्याचा अंदाज घेत दबकत जायचं आणि गोळी घालायची. मूस पडला की ती गप्प व्हायची. पडेपर्यंत गप्प व्हायची नाही, मग दिवस मावळला तरी हरकत नाही. सुलोला बायको नाही, पोर नाही. जे काय बोलायचं ते तो हिच्याशीच बोलायचा. माणसांशी बोलायची वेळ आली तर तो हवामानाबद्दल बोलतो.

त्या दिवशी तिने दलदलीच्या कडेला एक मोठा नर अडवला. आर्मास सगळ्यात जवळ होता. मी मंडळाच्या झोपडीत वाटाण्याचं सूप ढवळत होते, दार उघडं होतं, भुंकणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. मग एक बार झाला, आणि भुंकणं थांबलं. यालमारी म्हणाला, "पडला. कॉफी टाक, केर्त्तू." मी कॉफी टाकली. सगळे खुशीत होते. वायरलेसवर सुलो विचारत होता, "पडला का? आर्मास, पडला का?" तिकडून उत्तर येईना.

नराचं धड एका मोठ्या स्प्रूसच्या झाडाआड होतं. खांद्याची कड आणि मान तेवढी दिसत होती. आर्मासने खांद्याच्या कडेवर नेम धरला. गोळी मानेखालून निघून गेली आणि नराच्या पुढ्यात उभ्या असलेल्या उस्वाला लागली. नर दलदल तुडवत निघून गेला. दुसऱ्या दिवशी माग काढला तर त्याच्या वाटेवर रक्ताचा थेंबसुद्धा सापडला नाही.

सुलो तिला कोटात गुंडाळून घेऊन आला. झोपडीत सगळे उभे राहिले. आर्मास मागे, हात लोंबकळत, तोंडाचा पार चुना झालेला. सुलो त्याला ओलांडून पुढे आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "गरम आहे अजून." आणि होडीकडे चालू लागला.  सूप त्या दिवशी कुणी खाल्लं नाही.

पहिला बर्फ पडला आणि आर्मासला भुंकणं ऐकू येऊ लागलं. उजेड मावळायच्या सुमारास तो जेवता जेवता थांबायचा, मान खिडकीकडे वळवायचा. "ऐकलंस?"

"काय?"

"पलीकडे. दलदलीपाशी."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. मी म्हणायचे, "यालमारीचं कुत्रं असेल. खा." पण यालमारीचं कुत्रं गावाच्या दुसऱ्या टोकाला बांधलेलं असतं हे मलाही ठाऊक, त्यालाही ठाऊक. तो म्हणायचा, "एकाच जागी उभी राहून भुंकतेय गं. अजून धरून ठेवलंय तिने." मग घास तोंडातच राहायचा. किती दिवस असं चाललं म्हणून सांगू? कपडे अंगावर लोंबायला लागले त्याचे. मला रागही यायचा आणि दयाही यायची, आणि दोन्ही एकदम झालं की माझं तोंड सुटतं.

एकदा मी बोलून गेले, "नाचता येईना अंगण वाकडं. रायफलला कशाला दोष देतोस?"

तो शांतपणे म्हणाला, "तेच तर मला कळायला हवंय. दोष नळीचा असेल तर नवी घालता येईल. हाताचा असेल तर मी परत रायफल उचलणार नाही. उचलायचीच नाही मग. पण काय ते कळू दे."  शिकार सोडलेला आर्मास म्हणजे ऑक्टोबरमध्ये खिडकीपाशी बसलेला आर्मास. आणि खिडकीतून त्याला काय ऐकू येतं ते मला माहीत होतं.

तालुक्याला तेन्हो नावाचा बंदुका दुरुस्त करणारा आहे. बर्फ वितळल्यावर आर्मास त्याच्याकडे रायफल घेऊन गेला. सोबत मीही गेले, नाहीतर हा वाटेतच गाडी वळवून परत आला असता. तेन्होने नळीत दिवा घालून पाहिलं, बोट फिरवलं, चाप ओढून बघितला. "जुनी आहे, पण तब्येत चांगली आहे," म्हणाला. "नवी नळी घातली तर नेम आणखी पक्का होईल. दस्ता नीट बसवून दिला तर आणखी. निशाणाच्या कागदावर फरक दिसेल."

मी विचारलं, "आणि रानात?"

"रानात मूस कागदाएवढा नसतो, बाई. पण याच्या मनाला बरं वाटत असेल तर घालून घ्या. मनाचाही नेम असतोच." तेन्हो माणूस सरळ. आर्मासने नळीची मागणी नोंदवून टाकली. ऑगस्टमध्ये येईल, तेव्हा रायफल घेऊन या, असं ठरलं.

ऑगस्टमध्ये आमच्या मंडळाची नेमबाजीची परीक्षा असते. मैदानाच्या टोकाला मातीचा बांध आहे. आमच्याकडे एक जुनी रीत आहे, आजोबांच्या काळापासूनची. मैदानावर आलेला प्रत्येक जण आधी एक गोळी त्या बांधात मारतो आणि म्हणतो, "पहिली गोळी रानाची." ती कुणी बघत नाही, कुणी मोजत नाही. त्यानंतरच्या गोळ्या कागदावर. का, असं कुणी विचारत नाही. जेवणाआधी हात धुतात तसंच ते.

आर्मास यायला तयार नव्हता, मी ओढून नेला. बायकांच्या बाकावर मी कॉफीचा थर्मास घेऊन बसले, तर शेजारी कोण येऊन बसावं? सुलो. ऑक्टोबरपासून तो मंडळात फिरकला नव्हता. कोट तोच, पण स्वच्छ धुतलेला. "ऊन बरं आहे," म्हणाला. मी म्हटलं, "आहे."

आर्मासने रानाची गोळी बांधात मारली. मग कागदावर मारल्या. यालमारी कागद काढून घेऊन आला आणि प्रथमच त्याला चटकन थट्टा सुचेना. सगळ्या गोळ्या मधोमध, एकमेकींना चिकटून. "मेल्या," तो शेवटी म्हणाला, "याच्यावर नवी नळी घालून काय करणार आहेस? माश्या मारणार?" सगळे हसले. आर्मासचा चेहरा मात्र उतरला. मला लगेच कळलं का ते. हातही चांगला, नळीही चांगली. मग त्या दिवशी काय झालं? धरायला काहीच उरलं नाही. नळीचा दोष नाही म्हणजे माझाच, एवढंच त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

तेवढ्यात सुलो उठला. काठी टेकत त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. 

"नळी कधी देतोयस तेन्होला?"

"सोमवारी," आर्मास खाली बघत म्हणाला.

"त्याआधी आज हिला घरी ने. रोज करतोस तसं सगळं कर. तेल, चिंधी, सगळं. उद्या सकाळी इथे घेऊन ये. मीही येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर आम्ही तिघंच. गवत दवाने ओलं होतं. आर्मासने सवयीने रायफल बांधाकडे वळवली. सुलो म्हणाला, "बांधात नको. कागदावर."

"पण पहिली रानाची—"

"आर्मास, त्या दिवशी माझ्या कुत्रीपाशी तू कुठली गोळी मारलीस? पहिली की दुसरी?"

आर्मासने रायफल कागदाकडे वळवली. तो आडवा झाला, नेम धरला, चाप ओढला. मी दुर्बिणीतून बघत होते. भोक मधोमध नव्हतं. चांगलं वीतभर डावीकडे होतं आणि खाली. सुलोने दुर्बीण मागितली नाही. "आणखी एक मार," म्हणाला. दुसरी बरोबर मध्ये गेली. तिसरीही.

"तेल," सुलो म्हणाला. "तुझी पहिली गोळी तेलातून घसरत जाते. मग नळी कोरडी होते आणि पुढच्या सरळ जातात. आम्ही सगळे वर्षानुवर्षं पहिली रानाला देतो, आणि म्हणतो रायफल उत्तम. मूस दुसऱ्या गोळीची वाट बघत थोडाच थांबतो? कातडं सोलताना मी दर वर्षी बघायचो, तुझी गोळी कधी जरा पुढे, कधी जरा मागे. मूस एवढा मोठा, वीतभराने त्याला काय होतंय. त्या दिवशी तेवढी वीतच नडली."

"बाप म्हणायचा, ओली ठेव," आर्मास म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"घरात ओली. मी तुझ्या बापाबरोबर रानात गेलोय, तू नाही गेलास. रानाच्या तोंडाशी तो एका खुंटावर बसायचा, कोरडी चिंधी नळीतून ओढायचा आणि खिशात घालायचा. रोज. मला वाटायचं ही त्याची काहीतरी पूजा आहे. तुझी परीक्षा काल बघितली तेव्हा डोक्यात उजेड पडला. अर्धं शिकवून गेला तो तुला. उरलेलं शिकवायला तो राहिला नाही."

आर्मास ओल्या गवतातच बसला आणि हमसून रडला. साठीचा बाप्या, नाक पुसायचं भान नाही. अति तिथे माती म्हणतात ते खरं, पण एवढ्या मायेने केलेल्या गोष्टीची अशी माती व्हावी? मला बापाचाही राग आला. मेलेल्या माणसाचा राग येऊन काय उपयोग.

सुलोने त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "नवी नळी घालू नकोस."

"का?"

"उस्वा तुझ्या रायफलचा आवाज ओळखते. नव्या नळीचा बार ऐकून ती थांबायची नाही."

मी चमकून सुलोकडे बघितलं. आर्मासने त्याला भुंकण्याबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच नाही. आर्मासही त्याच्याकडे बघत राहिला. संध्याकाळी दलदलीपाशी भेटायचं ठरलं.

मी जायला नको होतं म्हणतील कुणी, पण मी गेले. सुलोने स्प्रूसच्या पलीकडे, नराचा खांदा जिथे होता त्या उंचीवर, बर्चच्या खोडाला निशाणाचा कागद टाचला. मागे टेकडी, गोळी कुठे जायची भीती नाही. कागदाच्या पुढ्यात, जिथे उस्वा उभी होती, तिथलं शेवाळ जरा दबलेलं वाटलं मला. वर्षभर शेवाळ दबलेलं राहत नाही, हे मला कळतं.

आर्मास खुंटावर बसला. नळीतून कोरडी चिंधी ओढली. काळी झाली ती. दुसरी ओढली, ती पांढरी निघाली. दोन्ही त्याने खिशात घातल्या. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं, खाली गारठा उतरू लागला. मी काही ऐकलं नाही. दलदलीत एक पाखरू ओरडत होतं तेवढंच. पण त्या दोघांनी एकाच क्षणी मान वळवली. एकाच दिशेला, त्या बर्चकडे. 

"मार," सुलो हळूच म्हणाला. "खूप वेळ धरून ठेवलंय तिने."

एकच बार झाला. त्याचा आवाज तळ्यावरून जाऊन परत आला आणि विरला. आर्मास रायफल खांद्यालाच लावून ऐकत राहिला. मग त्याचे खांदे खाली आले.

"थांबलं," तो म्हणाला.

सुलोने मान हलवली. जाऊन कागद काढला. भोक बरोबर मधोमध होतं. कागदाची घडी घालून त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, दबलेल्या शेवाळावर क्षणभर हात ठेवला आणि म्हणाला, "उद्या पाऊस आहे." मग होडीकडे निघून गेला.

त्या रात्री आर्मास इतका गाढ झोपला की सकाळी मी दोनदा जाऊन त्याचा श्वास चालू आहे ना ते बघितलं. उठला, भाकरी खाल्ली, परत मागितली. तेन्होला फोन करून सांगितलं, नळी दुसऱ्या कुणाला देऊन टाक. मी इतकी खुश झाले की कोबीचं सारण भरून मोठी पाई भाजली आणि अर्धी सुलोला द्यायला होडी वल्हवत पलीकडे गेले. म्हटलं, या माणसाचे पाय धरले पाहिजेत.

सुलोच्या घराचं दार त्या हिवाळ्यापासून सतत किलकिलं असायचं. मरणाच्या थंडीतही. गावात म्हणायचे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, लाकडं जाळून अंगण तापवतोय. आज दार घट्ट बंद होतं. पायरीवर उस्वाचं भांडं असायचं, पाणी भरलेलं. ते धुऊन पालथं घातलं होतं.

त्याने दार उघडलं. पाई घेतली. मला राहवलं नाही. "सुलो, तुलाही ऐकू यायचं. पहिल्यापासून."

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मला त्याचा त्रास नव्हता." तो पाईवरचं फडकं नीट करत राहिला. "संध्याकाळ झाली की भुंकायला लागायची. मी दार उघडं ठेवून बसायचो. वाटायचं, अजून कामावर आहे. काम संपलं की येईल घरी."

"आणि तूच त्याला गोळी मारायला लावलीस."

"आर्मास मरत होता केर्त्तू. सूप वाढताना तुला दिसत नव्हतं का?" मग म्हणाला, "काल दार उघडं ठेवलं होतं. पहाटेपर्यंत."

  तळ्यावर, दलदलीत, घरात, कुठेच काही वाजत नव्हतं.

परत आले तर आर्मास ओट्यावर बसून चिंध्या कापत होता, सारख्या मापाच्या, शिट्टी वाजवत. "काय म्हणाला सुलो? बरा आहे ना?"

"बरा आहे," मी म्हटलं. "पाई आवडली म्हणाला."